फळ्याकडे तोंड करून

आमच्या शाळेतला आठवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे आणि त्याची एकुलती एक मोठी खिडकी घडियाळी पोळेच्या, म्हणजे शहरातल्या जुन्या दाट वस्तीच्या, गल्लीवर उघडते. आम्ही बडोद्याचे मराठी लोक खिडकीला बारी म्हणतो. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. तर गेल्या आठवड्यात मी बदली तासाला त्या वर्गावर गेलो, तेव्हा विज्ञानाच्या नव्या बेन तास संपवून बारी उघडत होत्या. म्हणजे तासभर ती बंद होती. वर्गात पंखा एक, तोही मनाला येईल तेव्हा फिरणारा. मुलं घामाने निथळत होती. मी विचारलं, "काय शिकवलंत?" तर आवाज खाली आणून म्हणाल्या, "कंई नहीं सर, पेलुं चेप्टर. घरे वांची जवानुं कीधुं."

पेलुं चेप्टर म्हणजे 'ते' प्रकरण. मुलांना ते घरी वाचायला सांगितलं. त्या प्रकरणाला नाव आहे, पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं आहे: प्रजनन. पण हल्ली आमच्या शाळेत ते नाव कोणी घेत नाही. सापाला जनावर म्हणतात तसं सगळे 'ते' म्हणतात. मी गणिताचा मास्तर, मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, तरी त्या दिवशी तास घेताना माझं लक्ष लागेना. फळ्याकडे पाहिलं की तिथे कर्णिकबाई उभ्या आहेत असं वाटायचं, वर्गाकडे पाठ करून.

कर्णिकबाई आता बडोद्यात नाहीत. मी त्यांच्या शेजारच्या वर्गात उमेदीची सगळी वर्षं काढली. मधली भिंत पातळ होती, त्यामुळे विज्ञान मी आयुष्यात दोनदा शिकलो, एकदा शाळेत असताना आणि एकदा भिंतीपलीकडून.

उंच, शिडशिडीत बाई. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि कानामागे सुताराच्या पेन्सिलीसारखा खडू. तो खडू तसाच विसरून त्या घरी जायच्या. समा भागातल्या बाजारात भाजीवाली त्यांना हातानं खूण करून सांगायची, "बेन, चोक!" आणि बाई तो काढून पर्समध्ये टाकायच्या. दुसऱ्या दिवशी शोधायच्या नेमका खडूच्या डब्यात. मराठी मुलं त्यांना बाई म्हणायची, गुजराती मुलं बेन, आणि आमचे मुख्याध्यापक शाहसाहेब त्या समोर नसल्या की 'आपणी झांसीवाळी' म्हणायचे. समोर असल्या की काहीच म्हणायचे नाहीत.

बाईंचे आजोबा संस्थानच्या नोकरीत, वडील रेल्वेत. लहानपण बडोद्याजवळच्या बाजव्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. बाजव्याचा विषय निघाला की बाई ठरलेला विनोद करायच्या: "रिफायनरीच्या धुरांड्याची ज्योत रात्रभर जळायची हो, आमच्याकडे धड काळोख कधी पडलाच नाही. तरी आम्ही पाच भावंडं झालो. कशी झालो ते आठवीच्या चोपडीत आहे." स्टाफरूममधल्या बायका तोंडाला पदर लावायच्या आणि मी एकदम पेपर तपासायला घ्यायचो.

त्यांच्या शिकवण्याची सगळ्या पोळेत बोंब झाली ती पाठांतरामुळे. बाईंचं म्हणणं असं, की शब्दाची लाज शब्द उच्चारून जाते. पाढे म्हणतात तसे ते शब्द सगळ्या वर्गाने, मुलामुलींनी मिळून, मोठ्यांदा म्हणायचे. "गर्भाशय! अंडाशय! शुक्रपिंड!" पहिल्या दिवशी वर्ग खिदळायचा, दुसऱ्या दिवशी निम्मा खिदळायचा, चौथ्या दिवशी कंटाळायचा. कंटाळा आला की बाई खूश व्हायच्या. "आता शिकवायला हरकत नाही," म्हणायच्या. पण हे सगळं बारी उघडी टाकून चालायचं, आणि बारीखाली कनुभाईंचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं.

कनुभाई वर आले. बरोबर समोरचे दोन दुकानदार आणि एक काकी. मी भिंतीपलीकडून उठून दारात येऊन उभा राहिलो. कनुभाई सज्जन माणूस, त्यांना तो शब्दही उच्चारवेना. "बेन, आ छोकरांओ आखो दहाडो... आ बधुं बोले छे. दुकाने लेडीज ग्राहक ऊभां होय." बाई म्हणाल्या, "तर त्या लेडीजना त्यातलं काय नवीन आहे, कनुभाई?" काकी हसल्या आणि पटकन गंभीर झाल्या. शाहसाहेब मध्ये पडले, "कर्णिकबेन, आपण बारी बंद करीने शिकवू या ना." यावर बाई चिडल्या. "साहेब, बारी बंद केली की पोरांना एकच गोष्ट कळते, की हे बारी बंद करून बोलायचं असतं. पुढचं मी कितीही शिकवलं तरी ते वाया."

शेवटी बडोद्याच्या पद्धतीनं तोड निघाली. दुपारी जेवून पोळ झोपते. शटर अर्धी खाली येतात, ओटल्यांवर कुत्री पसरतात, आणि चार वाजेपर्यंत देवाचा बापही आला तरी कोणी गिऱ्हाईक समजून उठत नाही. बाईंनी आपला तास त्या वेळेत घेतला. सगळे खूश. पंधरवड्याने कनुभाई जिन्यात मला भेटले, डोळे लाल. म्हणाले, "मोघेसाहेब, पहेलां दुकानमां संभळातुं हतुं. हवे सपनामां संभळाय छे." आधी दुकानात ऐकू यायचं, आता स्वप्नात. ते दुकानामागच्या खोलीत झोपायचे हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पण पुन्हा तक्रार करायला ते वर आले नाहीत. सवय झाली असावी.

पण पाठांतर ही नुसती सुरुवात. बाईंचा खरा तास शनिवारचा. त्या दिवशी त्या शिकवायच्या नाहीत. फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "पाठीला डोळे नसतात. विचारा."

मागून कोणीही काहीही विचारायचं. आवाज बदलून विचारलं तरी चालेल, दुसऱ्याचा म्हणून विचारलं तरी चालेल. बाई वळायच्या नाहीत. उत्तर फळ्याला द्यायच्या, पण असं खणखणीत, की शेवटच्या बाकाला आणि भिंतीपलीकडे मलाही ऐकू जावं. त्यांचे नियम होते. खोटं उत्तर द्यायचं नाही. येत नसेल तर "मला माहीत नाही, बघून सांगते" म्हणायचं आणि पुढच्या शनिवारी खरंच सांगायचं. आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य: "लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, पुष्कळ जणांना होतं. पुढचा प्रश्न."

त्यानंतर त्या फळा पुसायच्या. फळ्यावर काही लिहिलेलं नसायचं. तरी डस्टर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पुसायच्या. मी एकदा विचारलं, कोरा फळा काय पुसता? म्हणाल्या, "ज्यानं विचारलं त्याचे कान लाल झालेले असतात हो. चेहरा नीट करायला त्याला वेळ नको का?"

मी भिंतीपलीकडे लसावि काढता काढता काय काय ऐकलं ते इथे सगळं लिहीत नाही. मिशी उशिरा फुटली तर माणूस बायकी होतो का. पाळीत लोणच्याला हात लावला तर लोणचं खरंच नासतं का. याचं उत्तर बाईंनी फार छान दिलं होतं: "मी दर वर्षी मुद्दाम त्याच दिवसांत लोणचं घालते. सोमवारी डब्यात आणते, चाखून बघा." सोमवारी बरणी आली. संपली. त्या बरणीतली फोड मीही खाल्ली, आणि घरी बायकोला सांगितलं नाही. मोबाइलवर पाहिलेलं काय काय पोरं विचारायची, तेव्हा वर्ग चिडीचूप व्हायचा आणि बाई त्याच आवाजात सांगायच्या, की ते खोटं असतं, पैशांसाठी केलेलं असतं, माणसं तशी नसतात.

एका शनिवारी मागून एका मुलीनं विचारलं, "बेन, घरनुं ज माणस होय तो?" घरातलाच माणूस असेल तर? एवढंच.

भिंतीपलीकडे माझ्या हातातला खडू थांबला. बाई वळल्या नाहीत. त्या वळल्या असत्या तर त्या मुलीनं जन्मात तोंड उघडलं नसतं, हे मला त्या वेळी कळलं नव्हतं, मागाहून कळलं. त्यांचा आवाज तसाच राहिला. "तरीसुद्धा चूक त्याचीच. घरातला असला तर जास्तच. तुझं काही चुकलेलं नाही. शाळा सुटली की मी पाण्याच्या टाकीजवळ उभी असेन, भिंतीकडे तोंड करून. कोणीही यावं. पुढचा प्रश्न." आणि त्यांनी फळा पुसला. त्या दिवशी फार वेळ पुसला.

शाळा सुटल्यावर मी सायकलस्टँडवरून पाहिलं. बाई टाकीजवळ भिंतीला तोंड लावून उभ्या होत्या, शिक्षा झालेल्या पोरासारख्या. येणारेजाणारे बघत होते. शिपाई विचारायला निघाला, त्याला मी थांबवलं. ती मुलगी आली की नाही, कोण होती, मला तेव्हा कळलं नाही. बाईंनी कधी सांगितलं नाही. एवढंच कळलं, की पुढच्या आठवड्यात बाई दोनदा अर्धी रजा टाकून गेल्या, एकदा पोलिसांत आणि एकदा कुठल्याशा मामीकडे, आणि एका मुलीचा पत्ता शाळेच्या दप्तरात बदलला. मी विचारायला गेलो तर म्हणाल्या, "मोघे, माझ्या पाठीनं ऐकलंय. तोंडाला माहीत नाही."

शाळेबाहेर मात्र बाईंना विचारणारं कोणी नव्हतं. समाला आमच्याच सोसायटीत, आमच्यापासून दोन इमारती सोडून त्यांचा फ्लॅट. लग्न केलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही फार खोदलं नाही. वडील होते तोवर घरात दोन माणसं होती, मग एक राहिलं. हळदीकुंकवाला सवाष्णींना बोलावतात, तेव्हा त्यांना बोलावणं नसायचं. आमच्या मंडळाच्या गणपतीत त्या नेमानं नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन येत, ठेवत, आरतीला मागे उभ्या राहत आणि जात. डबा मात्र परत न्यायला यावं लागे, म्हणून मुद्दाम मोठा डबा आणतात, असं माझी बायको म्हणायची. तेव्हा आम्ही हसायचो. आता नाही हसत.

मंडळातल्या एका बाईंनी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं, "लग्नाचा पत्ता नाही आणि हिला बरं सगळं ठाऊक!" बाईंनी वडीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "आमचे भूगोलाचे सर ज्वालामुखी शिकवतात. त्यांना आजवर कोणी विचारलं नाही, जाऊन आलात का म्हणून." सगळे खो खो हसले, त्या बाईसुद्धा. मग सगळ्या जणी आपापल्या नवऱ्यांबरोबर जिने चढल्या आणि बाई एकट्या आपल्या इमारतीकडे गेल्या. मी गॅलरीतून पाहत होतो. त्यांच्या घरातला दिवा लागला, आणि थोड्या वेळानं रेडिओवरच्या गुजराती बातम्या ऐकू आल्या, एका माणसाला लागतो त्यापेक्षा पुष्कळ मोठ्या आवाजात.

बाईंना निवृत्तीला थोडाच काळ उरला होता तेव्हा ते विधेयक आलं. सरकारी आणि अनुदानित शाळांत शरीराच्या त्या भागांविषयी, त्या वयाविषयी काहीही शिकवायचं तर प्रत्येक मुलाच्या पालकाची लेखी संमती हवी. संमतीशिवाय शिकवलं आणि तक्रार आली, तर शिक्षकावर कारवाई. आम्हा मास्तरांना वाटलं, ठीक आहे, एक कागद वाढला. अनुदानित शाळेत कागदाला कोण घाबरतं?

बाई घाबरल्या. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. स्टाफरूममध्ये मसुदा वाचून त्या म्हणाल्या, "मोघे, सही कुठून आणायची? घरातूनच ना? टाकीजवळ आलेल्या पोरीनं सही कोणाची आणली असती?" तेव्हा मला समजलं, की ती मुलगी आली होती.

लोकांच्या सूचना ऐकायला समिती बडोद्याला आली. सभागृह भरलं होतं. बाजूनं बोलणारे होते, विरोधात बोलणारे होते, आणि दोन्हीकडचे संस्कृतीवर बोलत होते. कर्णिकबाईंचं नाव पुकारलं. मी मागच्या रांगेत होतो. खडू त्यांच्या कानामागे तसाच होता, तो काढायची आठवण करायला हवी होती असं माझ्या मनात आलं आणि बाई तोवर माइकपर्यंत पोचल्या.

त्या गुजरातीत बोलल्या, छान बोलल्या. ज्या घरात मुलाला बोलता येत नाही त्याच घराची सही मागू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. व्यासपीठावरच्या एका सदस्यांनी अदबीनं विचारलं, "बेन, तमारे बाळको केटलां?" बाई म्हणाल्या, "एकही नाही. मी परणले नाही." परणणे म्हणजे लग्न करणे. गडबडल्या की त्यांच्या गुजरातीत मराठी आणि मराठीत गुजराती शिरायचं. सभागृहात हशा पिकला, थोडासाच, पण पिकला.

आणि मग बाईंनी ती चूक केली. दुसऱ्या कोणी केली नसती, कारण दुसऱ्या कोणाचा त्या गोष्टीवर एवढा विश्वास नव्हता. त्या म्हणाल्या, "साहेब, तोंडावर विचारता येत नाहीत असे प्रश्न सगळ्यांकडे असतात. पोरांकडे असतात, तुमच्याकडेही असतील. माझी रीत दाखवते." आणि त्यांनी व्यासपीठाकडे पाठ केली. सभेकडेही केली. बाजूच्या भिंतीकडे तोंड करून त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पूछो."

शंभर माणसांच्या सभागृहात पंखे ऐकू येत होते. कोणी खाकरलं. एक खुर्ची वाजली. कनुभाईही आले होते, मान खाली घालून बसले होते. बाई उभ्या. वर्गात अशी शांतता पडली की त्या कधी घाई करायच्या नाहीत, "पहिल्या प्रश्नाला वेळ लागतो" म्हणायच्या. त्यांनी इथेही वाट पाहिली. त्यांना खरंच वाटत होतं, की कोणीतरी विचारेल. कोणी विचारलं नाही. अध्यक्ष संतापले. "बेन, आ तो सभानुं अपमान छे," म्हणाले. एक माणूस येऊन त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेला. जाताना त्यांनी एकदा मागे पाहिलं. मला वाटतं, त्या फळा शोधत होत्या, पुसायला.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर त्यांच्या पाठीचा फोटो फिरला. समितीला पाठ दाखवणारी उद्धट शिक्षिका. फोटोत अंबाडा, खोचलेला पदर आणि कानामागचा खडू स्पष्ट दिसत होता. सोसायटीच्या ग्रुपवरही आला. कोणीतरी हसणारी तोंडं टाकली, कोणीतरी हात जोडले. माझ्या बायकोनं ग्रुप सोडला. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

विधेयकाचा कायदा झाला. बाई पदर खोचून सह्या गोळा करायला निघाल्या. पोळेतली घरं झाली, वाडीतली झाली, एका मुलासाठी पार बाजव्याला गेल्या. लोक वाईट वागले असं नाही. चहा दिला, खुर्ची पुसून दिली. "बेन, तुमच्यावर पूरो विश्वास आहे. तुम्ही शिकवा ने. पण कागदावर नको," एक बाप म्हणाला. दुसरा म्हणाला, "सही केली आणि उद्या सोयरिकीच्या वेळी कोणी काढली तर?" तोंडी संमती सगळ्यांनी दिली. लेखी मोजक्यांनी. संस्थेनं सांगितलं, सगळ्यांच्या सह्या असतील तर तास होईल, नाहीतर वाद नको. शाहसाहेब मला म्हणाले, "मोघे, मारे पण दीकरी छे. हुं शुं समजतो नथी?" म्हणजे त्यांनाही मुलगी आहे, त्यांना सगळं कळतं. आणि त्यांनी वेळापत्रकातून तो तास खोडला.

शनिवारी त्या वेळात बाई प्रकाशसंश्लेषणाची उजळणी घ्यायच्या. तोंड वर्गाकडे. भिंतीपलीकडे मला हरितद्रव्य ऐकू यायचं आणि मी लसावि चुकायचो. एका दुपारी कनुभाई जिना चढून आले. पोळ झोपलेली, हे एकटेच जागे. बाईंना म्हणाले, "बेन, हवे बपोरे ऊंघ नथी आवती." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मलाही दुपारी झोप नाही येत, कनुभाई." दोघं थोडा वेळ बारीशी उभी राहिली. मग ते खाली गेले.

निवृत्तीचा समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. भाषणांत सगळ्यांनी त्यांच्या शिस्तीचं आणि पर्यावरणप्रेमाचं कौतुक केलं. 'ते' कोणी काढलं नाही.

मग वर्षभरानं कळलं, की फ्लॅट विकून बाई नागपूरला भाचीकडे चालल्या आहेत. मी भेटायला गेलो. बायको येणार होती, तिचा गुडघा दुखत होता, म्हणून एकटाच गेलो. घरात खोकी बांधलेली. भिंतीवर कॅलेंडर होतं तिथे चौकोन उजळ राहिला होता. बाईंनी चहा केला, दोनच कप बाहेर ठेवले होते त्यांत. इकडचं तिकडचं बोललो. नागपूरचा उन्हाळा, गॅसचं कनेक्शन, भाचीची मुलं. बोलणं सारखं संपत होतं.

एकदम त्या म्हणाल्या, "मोघे, इतकी वर्षं भिंतीपलीकडून सगळं ऐकलंत. तुम्ही कधी काही विचारलं नाहीत."

"मी गणिताचा माणूस," मी म्हणालो.

"गणिताच्या माणसाला काही होत नाही?" त्यांनी कप खाली ठेवला, उठल्या आणि त्या उजळ चौकोनासमोर जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाठ. केस पुष्कळ पांढरे झाले होते. कानामागे खडू नव्हता. "पाठीला डोळे नसतात. विचारा."

मला ते हसण्यावारी न्यायचं होतं. जमलं नाही. ती पाठ सभागृहात वाट बघत होती तशीच वाट बघत होती. पहिल्या प्रश्नाला वेळ लागतो हे मला माहीत होतं. मी तो घेतला. मग विचारलं, "बाई, तुम्हाला एकटं वाटत नाही का?"

त्या वळल्या नाहीत. आवाज तोच, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"वाटतं. शाळा सुटली की वाटायला लागायचं ते दुसऱ्या दिवशी घंटा होईपर्यंत. रविवारी जास्त. आता रोजच रविवार आहे. रात्री रेडिओ मोठा लावायचे, तुम्हाला त्रास झाला असेल. नागपूरला जाऊन थांबेल का, ते मला माहीत नाही. बघून सांगते." जरा थांबल्या. "लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. पुष्कळ जणांना होतं. पुढचा प्रश्न."

माझ्याकडे पुढचा प्रश्न नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रुमाल सापडत नव्हता.

बाईंनी पदराचं टोक हातात घेतलं आणि तो रिकामा चौकोन पुसायला लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मी उठलो, दाराशी चपला घातल्या, दार ओढून घेतलं, तोवर त्या पुसतच होत्या.